‘व्हेरो’ म्हणजे ‘खऱ्या पेशी’ नव्हेत

प्रश्न : लसीवरच्या एका लेखात ‘व्हेरो पेशीरेषा’ असा शब्द वाचला. ‘सेल लाइन’ला ‘रेषा’ चालेल का? व्हेरो म्हणजे काय?

नाही चालणार. हा शब्द वाचला की माझं डोकं फिरतं. रेषा पट्टी धरून ओढतात. इथली लाइन घराण्याची आहे. पेशी बाटलीच्या तळाला चिकटून वाढतात, तळ भरला की ट्रिप्सिन हे प्रथिनं तोडणारं विकर घालून सोडवायच्या आणि थोड्या नव्या बाटलीत टाकायच्या. याला पॅसेज म्हणतात. १९५१ साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण बाईंच्या कर्करोगाच्या गाठीतून घेतलेल्या हेला पेशींचा वंश असाच अजून चालू आहे. तेव्हा ‘पेशीवंश’ म्हणा, नाहीतर सरळ ‘सेल लाइन’. प्रयोगशाळेत तेच म्हणतात.

खरी गंमत व्हेरोत आहे. लॅटिन ‘व्हेरुस’ म्हणजे खरा, म्हणून या ‘खऱ्या पेशी’, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. कोश उघडला, पहिला जुळणारा शब्द उचलला, झाली व्युत्पत्ती! या पेशी जपानातल्या चिबा विद्यापीठात यासुमुरा आणि कावाकिटा यांनी १९६२ साली वाढवल्या, आफ्रिकेतल्या हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून. नाव घेतलं एस्पेरांतोतून, म्हणजे झामेनहोफ यांनी १८८७ साली जगापुढे ठेवलेल्या कृत्रिम भाषेतून. ‘व्हेर्दा’ म्हणजे हिरवं, ‘रेनो’ म्हणजे मूत्रपिंड. पहिल्यातला ‘व्हे’ आणि दुसऱ्यातले ‘र’ व ‘ओ’ घेतले की झालं व्हेरो.

आता बघा, मूत्रपिंड काही हिरवं नसतं. हिरवट असते ती माकडाची लव. म्हणजे ‘हिरव्या माकडाचं मूत्रपिंड’ यातलं माकड मधल्यामध्ये गळालं. हा आपला मध्यमपदलोपी समासच की! साखरभातात साखर आणि भात उरतात, ‘घालून केलेला’ गडप होतं, तसंच. समासाचे आणखी प्रकार लावू पाहणाऱ्यांनी आधी विग्रह करून दाखवावा.

एस्पेरांतोत ‘व्हेरो’चा अर्थ ‘सत्य’ असाही होतो. माझ्या मते नाव ठेवणाऱ्यांनी हा श्लेष जाणून साधला. एस्पेरांतो येणाऱ्या माणसाला तो दिसला नसेल हे मला पटत नाही. पण श्लेष म्हणजे व्युत्पत्ती नव्हे, हे लॅटिनवाल्यांनी ध्यानात घ्यावं.

या पेशी विषाणूंना इतक्या मानवतात याचं एक मोठं कारण म्हणजे त्यांच्यात नसलेलं एक प्रथिन. विषाणू शिरला की इतर पेशी इंटरफेरॉन नावाचं हे प्रथिन सोडून शेजारणींना सावध करतात. त्यातले अल्फा आणि बीटा हे मुख्य प्रकार व्हेरोला बनवताच येत नाहीत. कोव्हॅक्सिनसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा केलेला कोरोना विषाणू याच पेशींत वाढवला गेला.

आणि हो, ‘वेरो’ लिहायचं की ‘व्हेरो’, हे अजून कुणी विचारलेलं नाही. विचारलंत तर माझं मत ‘वेरो’ला. हा लेख ‘व्हेरो’नं भरलाय तो निव्वळ रूढीला शरण जाऊन.