रबराच्या झाडांचा चीक आटतोय, सालीला कोणतं औषध लावावं?

तुमची बाग दोडामार्गला, झाडं आरआरआयआय १०५ जातीची, टॅपिंग, म्हणजे साल कापून चीक काढणं, सुरू होऊन चार वर्षं झाली. आता काही झाडांचा काप अर्धाच पाझरतो, काही पार कोरडी पडलीत. दुकानदार सालीला लावायचं औषध देतोय, ते घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

घेऊ नका. माझी बाग सावंतवाडीकडे आहे आणि या आजाराशी माझी जुनी ओळख आहे. टॅपर लोक याला नुसतं ‘झाड सुकलं’ म्हणतात, पुस्तकात ‘टॅपिंग पॅनेल ड्रायनेस’ किंवा ‘ब्राउन बास्ट’ असं नाव सापडेल. यामागे बुरशी किंवा विषाणू नक्की सापडलेला नाही. झाडाची ताकद भरून येण्याआधीच आपण पुन्हा पुन्हा चीक काढतो, हे याचं मुख्य कारण.

आत काय होतं ते समजून घ्या, म्हणजे औषधाचा मोह सुटेल. सालीतल्या बारीक नळ्यांमध्ये जिवंत पेशींचा रस असतो, तोच चीक. एकदा वाहून गेला की साखर आणि पाणी खर्चून झाडाला तो नव्याने बनवावा लागतो. त्याला वेळ मिळाला नाही तर पेशींवर ताण येतो, चिकातल्या ल्युटॉइड नावाच्या सूक्ष्म पिशव्या फुटतात आणि वाटीत गोठायचं रबर नळीतच गोठतं. नळी आतून बुजल्यावर बाहेरून काय चोपडणार? पुढे साल तपकिरी होते, तडकते, गाठाळते.

आधी खात्री करून घ्या. जानेवारी-फेब्रुवारीत पानगळ होते, नवी पालवी येईपर्यंत चीक कमी येणारच, तो आजार नव्हे. पावसाळ्यात पॅनेल, म्हणजे सालीचा कापलेला पट्टा, भिजून कुजलं असेल आणि साल खरवडल्यावर लाकडावर उभ्या काळ्या रेघा दिसल्या, तर मात्र ती बुरशी. तिला मॅन्कोझेब या बुरशीनाशकाचा उपयोग होतो, आणि पुढच्या पावसाआधी रेनगार्ड, म्हणजे कापावरचं पावसाचं आच्छादन, बांधायला विसरू नका. ब्राउन बास्टची चाल वेगळी. सुरुवातीला चीक पातळ होतो आणि उशिरापर्यंत ठिबकत राहतो. वाटी भरलेली बघून मालक खूश होतो, खरं तर तेव्हाच सावध व्हायला हवं. मग कापाचा एखादा तुकडा कोरडा पडतो आणि तो वाढत जातो.

अर्धवट सुकलेल्या झाडांवर रंगाची खूण करा आणि त्यांचं टॅपिंग आजच थांबवा. कापाच्या खाली थोड्या थोड्या अंतरावर खिळ्याने हलकं टोचून बघा, चीक कुठपर्यंत येतो ते कळेल. काही महिने विश्रांती दिली की अशी बरीच झाडं पुन्हा वाहू लागतात. पण परत जुन्याच वेगाने कापलं तर पुन्हा सुकतात. पूर्ण कोरडं झाड क्वचितच सुधारतं. दुसऱ्या बाजूची साल उघडता येते, पण घाईने उघडलेली ती बाजूही सुकू शकते.

आता न सुकलेल्या झाडांकडे या, कारण तुमचं उत्पन्न त्यांच्यावर आहे. १०५ जात भरपूर चीक देते आणि तितकीच लवकर सुकतेही. म्हणून रबर बोर्ड तिला अर्ध्या घेराचा काप आणि दर तीन दिवसांत एकदाच टॅपिंग सुचवतं. तुमच्याकडे एक दिवसाआड चालू असेल तर मला त्यातच सगळं उत्तर दिसतं. कापाची खोलीही तपासा. लाकडाच्या बाजूला साधारण १ मिलिमीटर साल राहिली पाहिजे, नाहीतर नवी साल खडबडीत येते.

इथेफॉन हे चीक वाढवणारं रसायन तुमचा टॅपर लावतो का, हे विचारा. त्यातून इथिलीन सुटतं, चीक जास्त वेळ वाहतो, आणि ‘औषधाने चीक वाढला’ असं वाटतं. आठवड्यातून एकदा टॅपिंग करणाऱ्यांसाठी ते मापात योग्य आहे. एक दिवसाआड टॅपिंग आणि वर इथेफॉन म्हणजे झाड मुद्दाम सुकवणं. दुकानदाराच्या बाटलीवर हेच नाव आहे का तेही एकदा वाचून बघा. कंत्राटावर दिलेल्या बागांची दशा बहुधा अशीच होते. कंत्राटदाराला तीन वर्षांचं पडलेलं असतं, तुम्हाला वीस वर्षांचं. करार करताना टॅपिंगचे दिवस कागदावर लिहून घ्या.

शेणखत आणि माती परीक्षणानुसार खत जरूर द्या, झाडाची तब्येत राहील. त्याने सुकलेली साल मात्र उघडणार नाही. पार कोरडी झाडं तोडायची घाई करू नका, पुनर्लागवडीच्या वेळी लाकूड विकलं जातं. तोवर त्यांच्यावर टॅपरची मजुरी खर्च करू नका, एवढंच.