अमेरिकन यादवी युद्धात कॉरिंथसारख्या लहानशा गावासाठी एवढी झुंज का झाली?

रेल्वेमुळे. मिसिसिपी राज्यातल्या कॉरिंथमध्ये दोन लोहमार्ग एकमेकांना छेदत होते: पूर्व-पश्चिम जाणारा मेम्फिस-चार्ल्सटन आणि दक्षिणोत्तर मोबाइल-ओहायो (मोबाइल हे अलाबामा राज्यातलं बंदर). दक्षिणेकडे, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांकडे, पूर्व-पश्चिम सलग असा लांब मार्ग जवळपास तेवढाच होता, त्यामुळे हे जंक्शन गेलं की सैन्य आणि धान्य हलवणं अडणार हे दोन्ही बाजू जाणून होत्या. एप्रिल १८६२ची शायलोची लढाई याच गावाच्या वाटेवर, उत्तरेला साधारण ३५ किलोमीटरवर झाली. त्यानंतर उत्तरेचा जनरल हॅलेक लाखाहून जास्त फौज घेऊन निघाला, पण मुक्कामागणिक खंदक खणत गेल्याने त्याला गावापाशी पोचायला महिना लागला. गावात तोवर पिण्याच्या पाण्याचे हाल होते, हजारो सैनिक हगवण आणि विषमज्वराने पडून होते. गाव राखणारा दक्षिणेचा जनरल बोरगार्ड याने २९-३० मेच्या रात्री गाव सोडलं, आणि ते फार हुशारीने: मोर्चांवर काळे केलेले लाकडी ओंडके तोफांसारखे लावले. रिकामी गाडी आली की कुमक आल्यासारखा जल्लोष करायचा, असा हुकूम होता. ऑक्टोबरात दक्षिणेने गाव परत घ्यायचा प्रयत्न केला, तो दोन दिवसांत फसला.

मात्र जंक्शन गेल्याने दक्षिणेची वाहतूक पूर्ण थांबली असं समजू नका. त्याच वर्षी जुलैत दक्षिणेचा जनरल ब्रॅग याने सुमारे ३०,००० सैनिक कॉरिंथच्या दक्षिणेला असलेल्या तुपेलोहून मोबाइलमार्गे वळसा घालून रेल्वेनेच टेनेसी राज्यातल्या चॅटनूगाला पोचवले.