हरणासाठी गोळी कोणती?

प्रश्न: माझा मुलगा पेनसिल्व्हेनियात नोकरीला आहे. नोव्हेंबरअखेर तो ऑफिसातल्या मित्रांबरोबर हरणाच्या शिकारीला जाणार आहे. परवाना, प्रशिक्षण सगळं रीतसर झालंय. रायफल .३०८ विंचेस्टर. पण दुकानात गोळ्यांचे इतके प्रकार की तो गोंधळलाय. एक मित्र म्हणतो, सगळ्यात जड घे. दुसरा म्हणतो, सरावाच्या स्वस्त गोळ्याच ने. मला शिकार मुळीच आवडत नाही, पण जाणारच असेल तर निदान जनावराचे हाल होऊ नयेत. त्याला काय सांगू?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर: ताई, हल्ली मला पत्रं येतात ती परवान्याच्या नूतनीकरणाची. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा येण्याआधी मात्र आमच्या फोर्टातल्या बंदुकांच्या दुकानात तुमचाच प्रश्न सारखा यायचा. वडील डबा काढण्याआधी गिऱ्हाइकाला विचारायचे, ‘काय मारणार आणि किती लांबून?’ गोळीचं वजन त्यानंतर.

तिकडचं पांढऱ्या शेपटीचं हरीण म्हणजे नर साधारण ६० ते १३० किलोंचा. आपल्या सांबरापुढे लहानच. आणि पेनसिल्व्हेनियाच्या झाडीत नेम बहुधा शंभरेक मीटरच्या आतच धरावा लागतो. एवढ्यासाठी .३०८ मध्ये १५० ग्रेन वजनाची साधी सॉफ्ट नोज गोळी पुरते. डब्यावर ‘सॉफ्ट पॉइंट’ लिहिलेलं असेल.

सरावाच्या गोळ्यांबद्दल सांगणाऱ्या मित्राचं अजिबात ऐकू नका. त्या बहुतेक फुल मेटल जॅकेट असतात, म्हणजे शिशावर टोकापर्यंत धातूचं कवच. ती फुलत नाही, बारीक भोक पाडून आरपार जाते. हरीण पळतं आणि कुठेतरी झुडपात तासन्‌तास तडफडतं. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत हरणासाठी ती चालतच नाही. सॉफ्ट नोजचं टोक उघड्या शिशाचं असतं. आपटताच ते मागे दुमडून अळंबीसारखं फुलतं, जखम रुंद होते आणि जनावर लवकर पडतं. ‘मॅच’ लिहिलेला डबाही नको. त्यातल्या गोळीच्या टोकाला भोक दिसतं म्हणून लोक फसतात. ते गोळी बनवण्याच्या पद्धतीमुळे राहिलेलं असतं, फुलण्यासाठी नव्हे. ती कागदावरच्या टार्गेटसाठी.

जड घे म्हणणारा तितका चुकीचा नाही. १८० ग्रेननंही हरीण मरेल. (हे वजन नुसत्या गोळीचं असतं, अख्ख्या काडतुसाचं नव्हे. १५० ग्रेन म्हणजे जेमतेम पावणेदहा ग्रॅम.) पण जड गोळीचा खांद्याला धक्का जास्त बसतो. नवखा माणूस त्या धक्क्याच्या धास्तीनं चाप ओढतानाच दचकतो आणि गोळी छातीऐवजी पोटात जाते. हाल होतात ते बहुतेक अशा चुकलेल्या नेमानं.

मांस घरी खाणार असतील तर पूर्ण तांब्याची गोळी घ्यायला सांगा. शिशाची गोळी फुलताना तिचे बारीक कण जखमेपासून दूरवर मांसात पसरतात, डोळ्यांना दिसतही नाहीत. लहान मुलं आणि गरोदर बायकांना ते मांस देऊच नये. जंगलात टाकलेली आतडी गरुड खातात, त्यांनाही विषबाधा होते. कॅलिफोर्नियानं १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या बंदच केल्या. तांब्याची महाग पडते आणि फुलायला वेग लागतो, पण शंभर मीटरवर .३०८ ला वेगाची ददात नाही. माझा मुलगा असता तर मी हीच घ्यायला लावली असती.

कुठलीही घेतली तरी एकाच कंपनीचे, एकाच वजनाचे दोन डबे घ्यावेत. एका डब्यानं रेंजवर दुर्बीण जुळवायची, दुसरा जंगलात. गोळी बदलली की त्याच रायफलीचा नेम शंभर यार्डांवर दोन-तीन इंचही सरकू शकतो. हरीण आडवं उभं असेल तेव्हाच, पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या भागात नेम धरायचा. तोंड किंवा पाठ आपल्याकडे असेल तर थांबायचं. पडलं नाही तर माग काढत जायचं, अंधार झाला म्हणून परतायचं नाही.

एक राहिलं. डिसेंबरात तो मुंबईला येणार असेल तर शिकारीचं जाकीट आणि सॅक तिकडेच ठेवू दे. खिशात विसरलेलं एक काडतूस सहार विमानतळाच्या स्कॅनरमध्ये दिसलं, तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली चौकशी लागते. अशी निस्तरायची प्रकरणं घेऊन लोक आमच्या दुकानात येतात, पण तिथे दुकानदार काही करू शकत नाही, वकीलच लागतो.