कोलंबस, इंडियानाला येताय? घर बघायच्या आधी नदी बघा

तुम्ही विचारलंय की मिस्टरांची पुण्यातून कमिन्स या डिझेल इंजिनच्या कंपनीच्या हेड ऑफिसला बदली होतेय, नेटवर शोधलं तर सगळीकडे चर्च आणि बिल्डिंगांचेच फोटो येतात, तर या गावात कंपनी सोडून काही आहे का आणि घर कुठल्या भागात बघावं. मी इथे बरीच वर्षं राहतेय, मुलं इथल्याच शाळांतून शिकली, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते. भाडं, शाळेची ॲडमिशन, गाडीचं लायसन्स हे सगळं कंपनीतले आपले लोक सांगतीलच, पुण्याचे खूप आहेत इथे. पण नदीबद्दल नवीन माणसाला कुणी काही सांगत नाही, आणि मला विचाराल तर या गावात राहायचं असेल तर सगळ्यात आधी तेच कळायला हवं.

त्याआधी एक महत्त्वाचं, तिकीट काढताना कोलंबस ओहायो निवडू नका, ते वेगळं आणि बरंच मोठं शहर आहे. आपल्याला उतरायचंय इंडियानापोलिसला, तिथून आय-६५ हायवेने दक्षिणेला साधारण पाऊण-एक तास. त्याच रस्त्याने तसंच खाली गेलात की लुईव्हिल. गावाची वस्ती पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे अमेरिकेच्या हिशोबाने छोटंच.

आता भूगोल. उत्तरेकडून ड्रिफ्टवूड नदी येते, ईशान्येकडून फ्लॅटरॉक येते, आणि दोघींचा संगम अगदी डाउनटाउनला लागून होतो, तिथून पुढे तिला व्हाइट नदीचा ईस्ट फोर्क, म्हणजे पूर्वेचा फाटा, म्हणतात. म्हणजे ही नदी या गावातच सुरू होते असं म्हटलं तरी चालेल. पुढे ती नैऋत्येला सीमोर, बेडफर्डच्या बाजूने जाते (बेडफर्डचा चुनखडीचा दगड प्रसिद्ध आहे, एम्पायर स्टेट बिल्डिंगला तोच लावलाय), मग पीटर्सबर्गजवळ वेस्ट फोर्कला मिळते, ती वाबॅशला, वाबॅश ओहायोला आणि ओहायो मिसिसिपीला. गावाच्या पूर्वेला हॉ क्रीक नावाचा एक ओढा आहे, नाव लक्षात ठेवा, पुढे त्याच्याबद्दल सांगते.

जमीन सपाट, मका आणि सोयाबीन, नजर जाईल तिथपर्यंत. हिमयुगातल्या बर्फाने उत्तर आणि मध्य इंडियाना घासून सपाट केला आणि ते बर्फ वितळताना वाळू आणि खडी या नदीच्या खोऱ्यात आणून टाकली, त्यामुळे आजूबाजूला खडीच्या खाणी दिसतील आणि गावाचं पिण्याचं पाणी पण याच वाळूखडीच्या थरातल्या विहिरींमधून येतं. पश्चिमेला अर्ध्या तासावर मात्र एकदम डोंगर सुरू होतात, ब्राउन काउंटी, तिथल्या बऱ्याचशा भागात ते बर्फ पोचलंच नव्हतं म्हणून टेकड्या शाबूत राहिल्या. ऑक्टोबरमध्ये तिथे झाडांचे रंग बघायला लांबलांबून लोक येतात, तुम्हीही पहिल्याच वर्षी जाऊन या.

इतिहास म्हणाल तर दोनशे वर्षांचा, पण त्यात बरंच काही आहे. हा सगळा प्रदेश इथल्या मूळ रहिवाशांपैकी लेनापे लोकांचा, ज्यांना इंग्रज डेलावेअर म्हणायचे. १८१८ च्या सेंट मेरीज तहात त्यांना मध्य इंडियानातली जमीन सोडावी लागली आणि निघून जायला तीन वर्षांची मुदत मिळाली. ती मुदत संपली १८२१ ला आणि त्याच वर्षी ही बार्थोलोम्यू काउंटी झाली, म्हणजे एकीकडे ते लोक बाहेर पडले आणि दुसरीकडे प्लॉट पडायला सुरुवात झाली. जनरल जॉन टिप्टन नावाच्या माणसाची नदीकाठच्या उंचवट्यावर जमीन होती, गावाला सुरुवातीला त्याच्यावरून टिप्टोना नाव दिलं आणि थोड्याच दिवसांत, मार्च १८२१ मध्ये, बदलून कोलंबस केलं, तो चिडला आणि इथून निघूनच गेला. पुढे तो सेनेटर झाला आणि १८३८ मध्ये पोटावाटोमी या दुसऱ्या मूळ रहिवासी लोकांना सक्तीने कॅन्ससला हाकलण्याचं काम त्यानेच केलं, त्या वाटेत चाळीसच्या वर माणसं मेली आणि त्यात लहान मुलंच जास्त होती. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण टिप्टन हे नाव तुम्हाला इथे घर शोधताना पण भेटेल आणि मागची गोष्ट माहीत असलेली बरी.

सुरुवातीच्या वस्तीला बाजारपेठ म्हणजे नदीच, सपाट तळाच्या मोठ्या होड्यांमध्ये डुकराचं मांस आणि मका भरून पाण्याला जोर असेल तेव्हा थेट न्यू ऑर्लिन्सच्या दिशेने सोडायचे. मोठी बोट चालेल इतकी ही नदी खोल नाही, म्हणून खरी भरभराट झाली ती १८४४ ला ओहायो नदीवरच्या मॅडिसनहून रेल्वे इथे पोचल्यावर. १८७४ चं विटांचं कोर्टहाउस अजून उभं आहे, नदीवरच्या पुलावरून गावात शिरताना समोर तेच दिसतं. १९९९ चा हा केबलचा पूल मुद्दाम असा आखलाय की कोर्टहाउसचा टॉवर बरोबर मधोमध यावा. पहिल्यांदा येताना शक्यतो दुसऱ्या रस्त्याने येऊ नका, याच पुलावरून या.

कंपनीचा भाग थोडक्यात सांगते. क्लेसी कमिन्स इथल्या अर्विन या बँकर कुटुंबाचा ड्रायव्हर-मेकॅनिक होता, त्यांच्याच पैशांवर १९१९ मध्ये डिझेल इंजिनची कंपनी निघाली आणि तिला पहिला नफा व्हायला १९३७ उजाडलं. इतकी वर्षं तोटा सोसणारा मालक होता म्हणून आज हे सगळं आहे. मध्ये १९३१ ला यांची डिझेल गाडी इंडियानापोलिस ५०० शर्यतीत एकदाही न थांबता पाचशे मैल धावली. पुण्यात किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली १९६२ ला, त्यामुळे कोथरूड आणि या गावाचं येणंजाणं दोन-तीन पिढ्यांचं आहे.

तुम्ही जे बिल्डिंगांचे फोटो बघितलेत ते त्याच घराण्यातल्या जे. अर्विन मिलर यांच्यामुळे. १९४२ मध्ये आर्किटेक्ट एलिएल सारिनेन यांनी इथलं फर्स्ट ख्रिश्चन चर्च बांधलं, सरळ चौकोनी, उंच टॉवरचं. नंतर युद्धानंतर मुलं वाढली, शाळा कमी पडायला लागल्या, तेव्हा मिलर यांच्या पुढाकाराने कमिन्स फाउंडेशनने शाळेच्या बोर्डाला सांगितलं की आम्ही दिलेल्या यादीतला आर्किटेक्ट निवडा, त्याची फी आम्ही भरतो. यातली पहिली शाळा १९५७ ची. मग तीच सवलत बाकीच्या सरकारी इमारतींना पण दिली, म्हणून इथलं एक फायर स्टेशन रॉबर्ट व्हेंचुरी या नावाजलेल्या आर्किटेक्टचं आहे. लायब्ररी पण तशाच मोठ्या आर्किटेक्टची, आय. एम. पेईंची. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की उत्तम वास्तू शाळा, लायब्ररी, फायर स्टेशनसाठी बांधल्या, रोजच्या माणसाच्या वापरासाठी. लायब्ररीच्या अंगणात हेन्री मूर या शिल्पकाराची कांस्याची प्रचंड कमान आहे, हिरवट झालेली, दोन मजले उंच, आणि मुलं तिच्या पायाशी पकडापकडी खेळतात, हात लावतात, टेकून बसतात, कुणी ओरडत नाही. वॉशिंग्टन स्ट्रीटवर झाहराकोस म्हणून १९०० पासूनचं आइसक्रीमचं दुकान आहे, तिथलं ऑनिक्स दगडाचं सोडा फाउंटन सेंट लुइसच्या १९०४ च्या जागतिक प्रदर्शनातून आणलेलं आहे, दगडातून मागचा दिवा मधासारखा पिवळा दिसतो. मुलांना घेऊन जा.

आता नदी आणि घर.

संगमाजवळ मिल रेस पार्क आहे, डाउनटाउनच्या अगदी पश्चिम टोकाला. पूर्वी तिथे चामड्याचा कारखाना आणि गरिबांची झोपडीवजा घरं होती, सारखं पाणी भरायचं, त्या भागाला डेथ व्हॅली म्हणायचे. नंतर तिथे पार्क केला आणि आजचं त्याचं रूप १९९२ चं, मायकेल व्हॅन व्हाल्केनबर्ग यांनी आखलेलं. त्यांनी पाण्याला अडवायचा प्रयत्नच केला नाही, पाणी येणार हे धरूनच सगळं बांधलंय. दर वर्षी हिवाळा संपताना किंवा वसंतात मोठा पाऊस झाला की आतला रस्ता बॅरिकेड लावून बंद होतो, तपकिरी पाणी बाकांपर्यंत येतं, त्यावर मक्याची वाळकी धाटं आणि ओंडके तरंगत येतात, दोन-चार दिवसांनी पाणी उतरतं आणि मागे बोटभर बारीक गाळ राहतो, पार्कवाले तो धुवून काढतात की परत सगळं सुरू. लोकांना याचं काही वाटत नाही. नदीचं हे नेहमीचं वागणं आहे आणि ते एकदा डोळ्यांनी बघून घ्या म्हणजे पुढचं पटकन कळेल.

नेहमीचं नव्हतं ते ७ जून २००८ ला झालं. आधीच जमीन भिजलेली आणि त्यावर एका रात्रीत आणि सकाळी काही ठिकाणी दहा इंचांच्या आसपास पाऊस. मोठ्या नदीवर सगळ्यांचं लक्ष असतं, पण सगळ्यात जास्त घात केला तो हॉ क्रीकने, एरवी ज्यात गुडघाभर पण पाणी नसतं. कोलंबस रीजनल हॉस्पिटलच्या तळघरात पाणी घुसलं आणि वीज, लॅब, फार्मसी, स्वयंपाकघर सगळं तिथेच होतं. १५७ पेशंट बाहेर काढून दुसरीकडे हलवले, सगळे सुखरूप, पण हॉस्पिटल परत सुरू व्हायला ऑक्टोबर संपत आला. कमिन्सच्या टेक्निकल सेंटरमध्ये पण पाणी होतं. ज्या शेकडो लोकांच्या घरात पाणी गेलं त्यातल्या बऱ्याच जणांकडे पुराचा विमाच नव्हता, कारण आपल्या दाराशी नदी नाही, मग कशाला, असं वाटायचं.

म्हणून घर बघताना माझं सांगणं. पुण्यात आता सगळ्यांना निळी आणि लाल पूररेषा माहीत झालीय, तसाच इथे फेमाचा, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती खात्याचा, फ्लड मॅप असतो, फुकट, ऑनलाइन पत्ता टाकला की दिसतो. त्यात शंभर वर्षांतला पूर म्हणतात त्याचा अर्थ शंभर वर्षांतून एकदाच असा नाही, दर वर्षी एक टक्का शक्यता असा आहे, म्हणजे तीस वर्षांचं होम लोन घेतलंत तर त्या काळात एकदा तरी पाणी येण्याची शक्यता चारात एक. मॅपवर या पुराचा जो पट्टा दाखवलेला असतो त्यात घर असेल तर बँक पुराचा विमा सक्तीने घ्यायला लावते. पट्ट्याच्या अगदी बाहेर असेल तर कुणी सक्ती करत नाही आणि लोक तिथेच फसतात. नेहमीच्या होम इन्शुरन्समध्ये पूर धरत नाहीत, रेंटर्स इन्शुरन्समध्ये पण नाही, तो वेगळा घ्यावा लागतो आणि सरकारी योजनेचा विमा एरवी तीस दिवसांनी लागू होतो, त्यामुळे पावसाचा अंदाज बघून ऐनवेळी घेता येत नाही. भाड्याने राहणारा माणूस सुद्धा फक्त आपल्या सामानापुरता घेऊ शकतो, घ्याच.

भाग निवडताना, पश्चिमेला नदीच्या पलीकडे टिप्टन लेक्स आहे, तळ्यांच्या भोवती आखलेली वस्ती, झाडी छान, चालायला रस्ते छान, आपली बरीच कुटुंबं तिथे आहेत. तिथून कामाला जायचं म्हणजे नदी आणि तिचं सगळं पूरक्षेत्र ओलांडायचं, मोठ्या पुरात ते रस्ते बंद होतात, २००८ ला तर गावाचे दोन तुकडे झाले होते. असं क्वचित होतं, पण घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर डोक्यात ठेवा की हॉस्पिटल पलीकडच्या बाजूला आहे. पूर्व आणि उत्तर भागात शाळा, दुकानं जवळ पडतात, तिथे फक्त हॉ क्रीक आणि क्लिफ्टी क्रीक किती लांब आहेत ते बघा. पहिलं वर्ष डाउनटाउनच्या जवळ भाड्याने राहाल तर माझ्या मते सगळ्यात चांगलं, लायब्ररी चालत, आइसक्रीम चालत, पीपल ट्रेल या चालण्या-सायकलच्या वाटेवरून सायकलने नदीपर्यंत, आणि गाडी शिकेपर्यंत तुम्ही घरात अडकून पडणार नाही. बससेवा आहे पण तिच्या भरवशावर संसार होत नाही.

बेसमेंट असलेलं घर असेल तर संप पंप, म्हणजे तळघरात साचलेलं पाणी बाहेर टाकणारा पंप, आहे का, वीज गेली तर त्याला बॅटरी आहे का, भिंतीच्या खालच्या भागाचा रंग मुद्दाम नवीन दिलाय का हे बघा, आणि विकणाऱ्याला सरळ विचारा २००८ ला इथे पाणी आलं होतं का. शेजाऱ्यांना पण विचारा, इथली म्हातारी माणसं अगदी मनापासून सांगतात, कुठल्या पायरीपर्यंत पाणी होतं ते सुद्धा.

तुम्ही हिवाळ्यात येणार असाल तर पुण्याशी साडेदहा तासांचा फरक असतो, मार्चमध्ये घड्याळं पुढे गेली की साडेनऊ, आईबाबांना फोनच्या वेळा आधीच सांगून ठेवा. आणि एखादं घर आवडलं की सही करायच्या आधी ते कुठल्या रस्त्यावर आहे तेवढं मला कळवा, घर नंबर नको, मी स्वतः तिकडून चक्कर मारून ओढा किती लांब आहे आणि उतार कुठल्या बाजूला आहे ते बघून सांगते.