ग्रीसच्या शाळेबरोबर प्रकल्प करताय? सण-जेवण राहू द्या, पांडवलेणी घ्या

ताई, सहावीच्या वर्गासाठी ग्रीसमधल्या एका शिक्षिकेशी तुमची जोडी जुळली आहे आणि दोघींनी मिळून ‘आमचे सण, आमचे जेवण’ हा विषय धरलाय. तो चालेल का आणि सुरुवात कधी करावी, असं तुम्ही विचारलंय.

स्पष्ट सांगतो, विषय बदला. आपल्याकडून मोदकाचा फोटो जातो, तिकडून चीजचा येतो, दोन्हीकडून ‘व्हेरी नाइस’ येतं आणि प्रकल्प पीपीटीत जाऊन बसतो. कुणालाच काही शोधावं लागत नाही. प्रश्न असा हवा की त्याचं अर्धं उत्तर तिकडच्या मुलांकडेच असेल.

नाशिकमध्ये तो आयता आहे. जोगळटेंभीला १९०६ साली क्षत्रप, म्हणजे शक राजा, नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्याच्या नाण्यावर एका बाजूला राजाचं मस्तक आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी या आपल्याकडच्या जुन्या लिपी. अक्षरं थोडी बिघडलेली आहेत, पण ग्रीक मुलांना ओळखू येतील. वाचून झाल्यावर त्यांच्या लक्षात येईल की अक्षरं आपली असली तरी भाषा प्राकृत आहे! आपल्या मुलांनी ब्राह्मीची बाजू लावायची आणि दोघांनी वाचलेलं जुळवून बघायचं. त्या साठ्यातल्या बहुतेक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला छाप मारला होता. असं का केलं असेल, हा प्रश्न सहावीच्या पोरांना बरोबर पकडतो. सातवाहन त्यांच्या पुस्तकात आहेतच. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आणि संग्रहालय आहे, आधी विचारून मुलांना घेऊन जा.

मग पांडवलेणी. ३ क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या मुलाला, म्हणजे याच गौतमीपुत्राला, शक, यवन (म्हणजे ग्रीक) आणि पह्लवांचा नाश करणारा म्हटलंय. त्याच रांगेत पुढे १७ क्रमांकाचं लेणं. तिथला लेख सांगतो की उत्तरेकडच्या दात्तामित्रीचा योनक (म्हणजे यवनच), धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, याने आईवडिलांसाठी हे लेणं खोदवलं. एका लेण्यात यवनांचा नाश आणि त्याच डोंगरात यवनाने दिलेलं दान. शिवाय बाप-लेकाची नावं पाहा, एकही ग्रीक नाही. दात्तामित्री हे गाव डेमेट्रियस या ग्रीक राजाच्या नावावरून वसलं असावं असं अभ्यासक मानतात, त्याचा शोध तिकडच्या मुलांनी घ्यावा. हा माणूस ग्रीक होता की नव्हता, यावर दोन्ही वर्गांचं एकमत झालं नाही तर फारच उत्तम. तज्ज्ञांचंही झालेलं नाही.

वेळापत्रकाचं बघा. त्यांचं वर्ष सप्टेंबरात सुरू होतं, आपली प्रथम सत्र परीक्षा ऑक्टोबरात, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीनंतरच खरं काम. डिसेंबरात आपलं गॅदरिंग, त्यांचा नाताळ, तेवढे दिवस धरूच नका. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात, फरक अडीच तासांचा साडेतीन होतो. आपले दुपारचे १२ म्हणजे त्यांचे साडेआठ. दुपार सत्राच्या शाळेला हे सोयीचं, तुमची शाळा सकाळची असेल तर थेट कॉलचा नाद सोडा. तसाही कॉल एखादाच पुरे. खरं काम फोटो, हाताने काढलेले ठसे आणि लेखी प्रश्न यांवरच होतं.

शाळांच्या जोड्या जुळवणाऱ्या ई-ट्विनिंगची चौकशी करू नका, ते युरोप आणि त्याच्या शेजारच्या काही देशांपुरतं आहे. १९८८ पासून चालू असलेलं आयअर्न (iEARN) हे शाळांचं आंतरराष्ट्रीय जाळं आपल्याला खुलं आहे. पण तुमची जोडी जुळलीच आहे, तर साधा ईमेल आणि सामायिक फोल्डर पुरतं.

मुलांचे चेहरे, नावं बाहेर जाणार असतील तर पालकांची लेखी संमती आधी घ्या. तिकडचे नियम कडक आहेत, आणि आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती आहे. माझ्या मते चेहरे नकोतच, नाण्यांचे आणि शिलालेखांचे फोटो पाठवा.

पहिला कॉल मुलांना न घेता तुम्ही दोघींनीच करा. तिला नाण्याच्या ग्रीक बाजूचा स्पष्ट फोटो आधी पाठवून ठेवा, विषय बदलायचं पटवून द्यावं लागणार नाही.