कीलेस एन्ट्रीची, म्हणजे रिमोट खिशात असला की हँडलवरचं बटण दाबून उघडणारी गाडी घेतोय. बाहेर अडकायला होतं का? की साध्या किल्लीचं मॉडेल बरं?

होतं अडकायला. आणि शोरूममध्ये गाडीची पूजा, पेढे, फोटो सगळं होतं, पण बॅटरी मेल्यावर हीच गाडी उघडायची कशी, हे कोणी दाखवत नाही. माझा राग त्यावर आहे.

मागे एका पौर्णिमेला आम्ही नरसोबाच्या वाडीला गेलो होतो, मेहुण्याच्या गाडीतून. गाडीची बॅटरी जुनी झालेली, त्यात त्याने बाहेरून बसवलेला डॅशकॅम (रस्त्याचं चित्रण करणारा कॅमेरा) गाडी बंद असतानाही चालू राहायचा. दर्शन करून दुपारी परत आलो तर गाडी ठार मेलेली. रिमोट चालेना, हँडलवरचं बटण दाबून काही होईना. सासूबाईंचं इन्सुलिन बर्फाच्या पिशवीत, गाडीच्या आत. त्यांचं जेवण खोळंबलेलं आणि डोक्यावर ऊन.

मेहुणा रिमोटचा सेल आणायला पळाला. हा घोळ बहुतेक जण करतात. रिमोटमधला सेल वेगळा, बहुतेक गाड्यांत सीआर २०३२, ३ व्होल्टचा नाण्याएवढा. बॉनेटखालची १२ व्होल्टची बॅटरी वेगळी. ती मेली की रिमोटने कितीही हाका मारा, गाडीत ऐकायला कोणी नसतं. नवा सेल टाकूनही काही झालं नाही, होणारही नव्हतं.

मी म्हटलं, रिमोटच्या पोटात लोखंडी पातं असतं ते काढ. तर म्हणाला, "दाजी, ते घरी कपाटात आहे. कशाला लागतंय? आणि दाराला भोक कुठंय?" भोक होतं. ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलजवळ प्लॅस्टिकची टोपी असते. तिच्या खालच्या फटीत पात्याचं टोक घालून उचकटली की आत साधं कुलूप दिसतं. मी टोपी काढून दाखवली, पण घालायला पातंच नव्हतं.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वायर जोडून करंट द्यावा, तर बॉनेट उघडायचा खटका आत, स्टिअरिंगखाली. डिकीला तर बाहेरून किल्लीचं भोकच नाही, ती विजेवर उघडते. शेवटी कुरुंदवाडहून एक मेकॅनिक आला. त्याने दाराच्या वरच्या फटीत पाचर सारली, हवेची चपटी पिशवी घालून फट थोडी रुंद केली, लांब सळईने आतलं हँडल ओढलं. दार उघडलं, पण रबर फाटलं आणि काठाचा रंग गेला. सासूबाईंना काही झालं नाही, पण तेवढा वेळ बायकोचा चेहरा मला बघवत नव्हता.

मेहुण्याचं आजही म्हणणं की दोष बॅटरीचा. माझं म्हणणं, बॅटरी कोणाचीही मरते, दोष पातं घरी ठेवण्याचा. ज्याची गाडी, त्याला ती विजेशिवाय उघडता आलीच पाहिजे. तुम्ही गाडी ताब्यात घ्याल तेव्हा सेल्समनला सांगा, रिमोट बाजूला ठेव आणि पात्याने दार उघडून दाखव. मग स्वतः उघडा, बायकोला उघडायला लावा. पात्याने उघडल्यावर काही गाड्या भोंगा वाजवतात. गाडी सुरू केली की तो थांबतो.

नुसता रिमोटचा सेल संपला तर एवढं घाबरायचं कारण नाही. पात्याने दार उघडायचं आणि रिमोट स्टार्ट बटणाला टेकवून ब्रेक (हाताच्या गिअरची असेल तर क्लचही) दाबून सुरू करायचं. रिमोटमधल्या चिपला तेवढ्यापुरती ऊर्जा गाडीकडूनच मिळते. काही गाड्यांत टेकवायची जागा वेगळी असते, पुस्तकात बघा.

बाकी खोड्या बऱ्याच आहेत. रिमोटने उघडून दार ओढलंच नाही तर अर्ध्या मिनिटात बऱ्याच गाड्या परत लॉक होतात. रिमोट एकाच्या खिशात आणि गाडी दुसऱ्याने नेली तर चालू इंजिन बंद पडत नाही, नुसती सूचना येते. नवऱ्याला स्टेशनवर सोडून बायको बाजारात जाते, गाडी बंद करते, आणि मग ती सुरू होत नाही.

म्हणून घरात दोघं-तिघं गाडी चालवणार असाल तर मी साध्या किल्लीचं मॉडेल घेईन. तिथे पातं किल्लीलाच असतं, कपाटात ठेवायची अक्कल कोणाला सुचत नाही. एकटेच चालवणार असाल, हातात कायम सामान असेल, तर कीलेस सोयीचं आहे, हे मी नाकारत नाही.

चोरीचंही सांगायला हवं. झुरिचच्या ईटीएच या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये १० मॉडेल तपासली. लांब असलेल्या रिमोटचा सिग्नल गाडीपर्यंत पोचवून ती सगळी उघडता आली आणि सुरूही करता आली. नंतर काही कंपन्यांनी सुधारणा केल्या, सगळ्यांनी नाही. रात्री रिमोट दारापासून लांब, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

आणि आत लहान मूल अडकलं असेल तर वरचं काहीही करत बसू नका. मुलापासून लांबची बाजूची काच कोपऱ्यात टोकदार वस्तूने फोडा, कोणाला तरी ११२ लावायला सांगा. समोरची काच फोडायला जाऊ नका, ती तडकते पण सुटत नाही.