सिनेमा संपल्या संपल्या ‘काय शिकलास?’ नको

ताई, सिनेमा दाखवून मुलांशी बरं-वाईट यावर कसं बोलायचं, असं विचारलंत ना? सुरुवातीला एकच सिनेमा घ्या. माझी पसंती ‘एलिझाबेथ एकादशी’ला (2014). पंढरपूरची भावंडं लाडकी सायकल वाचवायला, आईच्या नकळत, यात्रेच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान मांडतात.

नवखे पालक हमखास करतात त्या चुका:

- मध्येच थांबवून तात्पर्य सांगणं. मुलं तिथेच कंटाळतात.
- ‘बघ, ती मुलं किती गुणी!’ ही तुलना तर अजिबात नको.

त्यापेक्षा रात्री जेवताना सहज विचारा, ‘आईला सांगितलं नाही, ते बरोबर केलं का?’ आठ-नऊ वर्षांची मुलं यावर कडाकडा भांडतात. ‘सांगितलं असतं तर तिने नाहीच म्हटलं असतं!’ हे ऐकून लगेच डोळे वटारू नका. धाकटी मात्र सायकलीतच अडकतात, अडकू द्या.

वयानुसार याद्या वगैरे नंतर बघू.